वेग शिकण्याचे वय

आपल्या समाजात प्रौढ माणसाने जीव तोडून धावणे दोनच प्रसंगी क्षम्य मानले जाते: फलाटावरून लोकल सुटत असेल तेव्हा, आणि एस.टी. थांब्यावर न थांबता पुढे गेली असेल तेव्हा. एरवी चाळिशीतला एखादा शिक्षक अथवा कारकून सकाळच्या वेळी शाळेच्या मैदानावर पूर्ण वेगाने धावताना दिसला, तर पाहणाऱ्यांच्या मनात आधी काळजी उमटते आणि मागाहून हसू. चालण्याला आपण केव्हाच प्रतिष्ठा दिली. लांब पल्ल्याच्या धावण्यालाही गेल्या चार दशकांत ती मिळत गेली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली आणि साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ साली. आज बँकेतला एखादा अधिकारी एकवीस किलोमीटर धावून आला, तर शेजारीपाजारी त्याचे कौतुक करतात. मात्र तोच अधिकारी 'मी साठ मीटर वेगाने धावण्याचा सराव करतो' असे म्हणाला, तर 'या वयात हे कशाला?' हा प्रश्न ठरलेला असतो.

या प्रश्नामागे दोन समजुती दडलेल्या आहेत. वेग ही जन्मजात देणगी आहे, ती असते किंवा नसते, शिकून येत नाही, ही पहिली. वेग हा शाळकरी वयाचा आणि पदकाच्या आशेचा विषय आहे, विशी ओलांडली की त्याचे दार मिटते, ही दुसरी. दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच त्या इतक्या चिवट ठरल्या आहेत. परंतु त्यांची किंमत कोण मोजतो हे पाहू लागले, म्हणजे हा विषय केवळ हौशी लोकांचा राहत नाही.

महाराष्ट्रात मोठ्या वयात वेगाने धावायला शिकणारा सर्वांत मोठा वर्ग कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर क्रीडासंकुलात सापडणार नाही. ते तालुक्याच्या गावाबाहेरील डांबरी रस्त्यावर पहाटे पाच वाजता सापडेल. पोलीस शिपाई पदाच्या भरतीसाठी पन्नास गुणांची शारीरिक चाचणी असते. तीत पुरुषांना सोळाशे मीटर आणि स्त्रियांना आठशे मीटर धावण्याला वीस गुण, गोळाफेकीला पंधरा गुण आणि शंभर मीटर धावण्याला पंधरा गुण आहेत. २०२४ च्या जून महिन्यात सुरू झालेल्या भरतीत सतरा हजारांहून अधिक जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. या तरुण-तरुणींपैकी किती जणांनी शाळेत असताना वेगाने धावण्याचे रीतसर शिक्षण घेतले असेल? त्यांतील बहुतेकांच्या दृष्टीने शंभर मीटरची शर्यत म्हणजे सातवी-आठवीतल्या क्रीडादिनाची एक पुसट आठवण. अठराव्या, बाविसाव्या, कधी अठ्ठाविसाव्या वर्षी ते नव्याने आरंभ करतात. आणि या वेळी शर्यतीच्या शेवटी पेन्सिलींचा डबा नसून घराचा चरितार्थ असतो.

या मुलांना शिकवते कोण? काही जण शुल्क भरून खाजगी अकॅडमीत जातात. बाकीचे एकमेकांचे पाहून शिकतात. जाहिरात निघाली की सराव सुरू होतो, आणि चाचणीला दोन महिने उरले असता पहिल्याच आठवड्यात शंभर मीटर पूर्ण ताकदीने, दहा-दहा वेळा, कठीण डांबरावर धावणे चालते. मग कोणाच्या मांडीचा मागचा स्नायू फाटतो, कोणाच्या नडगीचे दुखणे महिनोन्‌महिने हटत नाही. ज्याला इजा होते त्याला 'नशीब' म्हणून सांत्वन मिळते. वास्तविक हा नशिबाचा भाग फार थोडा आहे. वेग ही शिकण्याची गोष्ट आहे आणि तिचा एक क्रम आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

विशीनंतर आरंभ करणाऱ्याला काही साधत नाही, या समजुतीला आपलाच इतिहास छेद देतो. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धांच्या वेळी जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हजर होते. त्या मैदानावर धावणारे तरुण बहुतांशी शेतात राबणारे होते. ते अनवाणी धावत होते, शर्यतीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते आणि प्रशिक्षण तर कोणी दिलेलेच नव्हते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत हे दोराबजींच्या ध्यानात आले, आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठवण्याचा उद्योग उभा राहिला. त्या चमूत मॅरेथॉन धावणारे फडेप्पा चौगुले होते, तसेच शंभर व चारशे मीटर धावणारे पूर्मा बॅनर्जीही होते. आपल्या ऑलिंपिक चळवळीचा उगम असा कमावत्या वयाच्या, शिकवणीवाचून धावणाऱ्या माणसांच्या पायांत आहे.

पुढे मिल्खासिंग यांची कथा निराळी नाही. फाळणीत होरपळून निघालेला हा तरुण सैन्यात दाखल झाला आणि नव्या जवानांसाठी सक्तीची असलेली दौड धावताना प्रथम धावपटू म्हणून ओळखला गेला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत तो चौथा आला. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि २०१५ मध्ये, विशी ओलांडल्यावर, स्पर्धेच्या धावण्याकडे वळला. तीन हजार मीटर स्टीपलचेस या शर्यतीत त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण पदक मिळवले. साबळेची शर्यत लांब पल्ल्याची आहे आणि मिल्खासिंग यांच्यासारखी प्रतिभा लाखांत एखाद्याला लाभते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही या दोघांच्या वाटचालीत एक गोष्ट समान आहे, ती दुर्लक्षिता येत नाही: दोघांनाही मोठ्या वयात मैदान, शिकवणारा माणूस आणि सरावाला वेळ या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या, त्या सैन्यात. नागरी जीवनात त्या तिन्ही एकत्र मिळण्याची जागा आपण निर्माण केलेली नाही.

वयाची दुसरी टोकाची उदाहरणेही सर्वपरिचित आहेत. चंडीगढच्या मान कौर यांनी त्र्याण्णवाव्या वर्षी धावायला आरंभ केला आणि २०१७ साली ऑकलंड येथील जागतिक मास्टर्स स्पर्धेत, एकशे एकाव्या वर्षी, शंभर मीटरचे अंतर एक मिनिट चौदा सेकंदांत पार केले. २०२२ च्या जूनमध्ये वडोदरा येथे हरियाणाच्या एकशे पाच वर्षांच्या रामबाई यांनी तेच अंतर ४५.४० सेकंदांत कापले. जपानचे हिदेकिची मियाझाकी यांनी नव्वदी उलटल्यावर आरंभ करून २०१५ साली, एकशे पाचव्या वर्षी, शंभर मीटरला ४२.२२ सेकंद नोंदवले. वृत्तपत्रे अशा बातम्या चमत्कार म्हणून छापतात आणि वाचकही चमत्कार म्हणूनच वाचून पान उलटतो. चमत्काराचे एक बरे असते. त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. पण मास्टर्स ॲथलेटिक्स ही काही चमत्कारांची जत्रा नव्हे. पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पाडून भरवल्या जाणाऱ्या या स्पर्धांची जागतिक परंपरा १९७५ साली टोरांटो येथे सुरू झाली, आणि तेथे धावणाऱ्यांत नोकरी-धंदा सांभाळून सराव करणारे सामान्य स्त्री-पुरुष असंख्य असतात.

अर्थात येथे एक मर्यादा स्वच्छ शब्दांत सांगितली पाहिजे, नाहीतर उत्साहाच्या भरात दिशाभूल होते. युसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिन येथे शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पार केले; तशी शरीररचना शिकवून येत नाही. वेगाची कमाल मर्यादा बरीचशी आईबापांकडून आलेली असते, हे पहिल्या समजुतीतील सत्य. मात्र प्रौढ नवशिका आपल्या त्या मर्यादेच्या आसपासही पोचलेला नसतो. त्याचे पाय कसे पडतात, कंबर किती खचते, हात कसे हलतात, जमिनीला तो किती जोराने रेटतो, या प्रत्येक बाबतीत सुधारणेला वाव असतो. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत टॉमस बर्कने बारा सेकंदांत जिंकली होती, आणि तीही इतर बरेचजण उभ्यानेच सुरुवात करीत असताना खाली वाकून, हात जमिनीला टेकवून. उत्तम धावपटूंच्या वेळा त्यानंतर इतक्या खाली आल्या, त्या काही माणसाची जात बदलल्यामुळे नव्हे. शिकण्याची पद्धत, पायाखालची जमीन आणि सरावाची संधी बदलल्यामुळे. जी गोष्ट शिकण्याने इतकी बदलते, तिला केवळ देणगी म्हणणे हे बरोबर नाही.

या शिकण्याचा उपयोग भरतीच्या गुणांपुरता आहे काय? तसे नाही. माणसाच्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक प्रकार सावकाश आकुंचन पावतो आणि दीर्घकाळ थकत नाही. दुसरा झटकन आणि जोराने आकुंचन पावतो, पण लवकर दमतो. टेबलापाशी बसणे, फळ्यापाशी उभे राहणे, संध्याकाळी चार फेऱ्या मारणे या सर्व हालचाली पहिल्या प्रकारावरच भागतात. दुसऱ्या प्रकारचे तंतू मोठा जोर लावण्याची वेळ आली तरच कामाला लागतात. वय वाढते तसे हेच तंतू आधी आणि अधिक प्रमाणात बारीक होत जातात. म्हणून उतारवयात माणसाची ताकद कमी होते त्याहून अधिक वेगाने त्याची चपळाई कमी होते. ओल्या फरशीवर पाय सटकला असता दुसरा पाय निमिषार्धात पुढे टाकून तोल सावरणे हे या चपळाईचे काम आहे. ती गेली की पडणे येते, आणि साठीनंतर पडण्याचा अर्थ काय होतो हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. जोराचे आणि वेगाचे व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही झीज थांबत नाही, पण मंदावते. बैठ्या नोकरीत तीस वर्षे काढणाऱ्या वर्गाने हा मुद्दा तरी मनावर घ्यायला हवा.

आता प्रश्न राहतो तो पद्धतीचा, आणि सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. तिशीतल्या माणसाचे मन आपला पंधराव्या वर्षीचा वेग विसरलेले नसते. स्नायू मात्र तो केव्हाच विसरलेले असतात. पहिल्याच दिवशी मन आज्ञा देते आणि मांडीचा मागचा स्नायू त्या आज्ञेला बळी पडतो. शिवाय स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतात, पण त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे त्यांच्याहून सावकाश तयार होतात. दुसऱ्या महिन्यात 'आता जमू लागले' असे वाटते, आणि नेमकी तेव्हाच टाचेवरची शीर दुखू लागते. म्हणून वेग शिकू इच्छिणाऱ्या प्रौढाने पहिले दोन-तीन महिने वेगाच्या वाटेला जाऊच नये. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असा काही त्रास असेल, किंवा वय चाळिशीपलीकडे असून व्यायामाची सवय तुटलेली असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मग नियमित चालणे, हळू धावणे, बैठका, पायऱ्या चढणे, टाचा उचलून पोटऱ्या बळकट करणे हा पाया घालावा. या बाबतीत आपले जुने खेळ किती शहाणपणाचे होते हे आज कळते. लंगडीत एका पायावर तोल आणि उसळी यांचे शिक्षण होते. खो-खोत खाली बसलेल्या स्थितीतून झटकन उठून धावणे आणि क्षणात दिशा धरणे हे अंगवळणी पडते.

पाया झाल्यावर पहिला वेग चढावर शिकावा. गावाबाहेरची सौम्य चढाची टेकडी यासाठी फार उपयोगी पडते. चढावर पाऊल आपोआप आखूड पडते, वेग मर्यादेत राहतो, मांडीच्या मागच्या स्नायूवर सपाटीइतका ताण येत नाही, आणि जमिनीला मागे रेटण्याची सवय मात्र उत्तम लागते. वर वेगाने जावे, खाली चालत यावे. त्यानंतर मऊ, सपाट मैदानावर वीस-तीस मीटरच्या धावा घ्याव्यात, त्याही आरंभी आपल्या ताकदीच्या तीन-चतुर्थांश जोराने. आठवड्यातून दोन वेळा, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून, आणि प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे अंग तापवल्यावर, एवढे नवशिक्याला पुष्कळ होते. काटे असलेले बूट आणि शर्यतीचा वाकून केलेला प्रारंभ या गोष्टी पुष्कळ पुढच्या आहेत.

यातील एक नियम आपल्या स्वभावाला मानवत नाही. तो म्हणजे विश्रांतीचा. पूर्ण वेगाची धाव स्नायूंत साठवलेल्या ज्या इंधनावर चालते, ते काही सेकंदांत सरते आणि भरून यायला काही मिनिटे लागतात. म्हणून जाणते प्रशिक्षक दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती सांगतात. तीस मीटर धावणाऱ्याने तीन मिनिटे नुसते फेऱ्या मारावयाच्या. पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. आपल्याकडे व्यायाम म्हणजे घाम गाळणे, आणि धाप लागून पडेपर्यंत केलेला व्यायाम तोच खरा, अशी एक नैतिक कल्पना रुजलेली आहे. पण दमलेल्या पायांनी घेतलेल्या दहा धावा म्हणजे हळू धावण्याचाच सराव होय. शरीर जे वारंवार करते तेच शिकते. वेग उतरू लागला की त्या दिवसाचे काम संपवून घरी जाणे ही या विद्येतली शिस्त आहे. ती पाळायला घाम गाळण्याहून अधिक संयम लागतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एवढी एकच गोष्ट वेळेवर सांगितली गेली, तरी कितीतरी जणांच्या मांड्या आणि पर्यायाने नोकऱ्याही वाचतील.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. इजेचा एवढा धोका असताना सामान्य माणसाने या फंदात पडावेच कशाला? चालणे पुरेसे नाही काय? आरोग्याच्या दृष्टीने पुष्कळांना चालणे पुरेसे आहे, हे निःसंशय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोमदार श्रम करावेत, आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. त्यात शंभर मीटरच्या शर्यतीची सक्ती कोठेही नाही, आणि प्रस्तुत लेखकाचीही ती मागणी नाही. मात्र एखादी गोष्ट सर्वांना आवश्यक नसणे आणि ती शिकू इच्छिणाऱ्याला दार बंद असणे, यांत फार अंतर आहे. पन्नाशीत पेटी शिकणाऱ्या गृहस्थाला 'मैफल करणार आहात काय?' असे आपण विचारत नाही. निवृत्तीनंतर संस्कृत शिकणाऱ्या बाईंचा आपण सत्कार करतो. शरीराच्या विद्येच्या बाबतीत तेवढे, पदक आणणार नसाल तर शिकता कशाला, असा आपला व्यवहार असतो.

हा व्यवहार स्त्रियांच्या बाबतीत अधिक कठोर होतो. पुरुषाचे धावणे निदान कॉलेजपर्यंत, क्रिकेटच्या निमित्ताने का होईना, चालू राहते. पुष्कळ मुलींचे धावणे बाराव्या-तेराव्या वर्षीच संपते. ते कोणी मुद्दाम थांबवतेच असे नाही. 'आता मोठी झालीस' एवढे वाक्य पुरते. म्हणजे पोलीस भरतीसाठी विशीत मैदानावर येणारी तरुणी ही शारीरिकदृष्ट्या बहुधा आपल्या भावाहून अधिक नवशिकी असते, आणि तिला सरावाला जागा मात्र त्याच्याहून कमी असते. पहाटेच्या अंधारात निर्जन रस्त्यावर ती एकटी जाऊ शकत नाही, उजाडल्यावर घरची कामे असतात, आणि संध्याकाळचे मैदान क्रिकेटच्या संघांनी व्यापलेले असते. तिच्या मार्कांतले कमीपण मोजताना हे कमीपण कोणी मोजत नाही.

म्हणून या विषयाची अखेर मैदानाच्या प्रश्नाशी होते. महाराष्ट्रात क्रीडासंकुले नाहीत असे नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडीला भव्य संकुल उभे राहिले. त्यानंतर इतरत्रही कृत्रिम धावपट्ट्या झाल्या. निवडक खेळाडूंसाठी त्या हव्यातच. परंतु तालुक्याच्या गावातील कारकुनाला, शिक्षिकेला वा भरतीच्या उमेदवाराला त्यांचा उपयोग नाही. त्याला जी जागा सर्वांत जवळ आहे, ती म्हणजे शाळेचे मैदान. आणि ते पुष्कळ ठिकाणी शाळा सुटली की कुलपाआड जाते. मुख्याध्यापकांची अडचणही खोटी नाही. मैदान उघडे ठेवले तर रात्री तेथे काय चालेल, मोडतोड झाली तर भरपाई कोणी करायची, हे प्रश्न त्यांच्याच गळ्यात पडतात. त्यामुळे नुसत्या उपदेशाने कुलपे उघडणार नाहीत.

काय करता येईल? मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एका सार्वजनिक मैदानावर शंभर मीटरची सरळ पट्टी मुरूम टाकून, रोलर फिरवून, फक्की मारून कायम राखावी. शेवटच्या रेषेपुढे थांबण्यासाठी वीस-पंचवीस मीटर मोकळी जागा असावी, कारण वेगाने धावणारा माणूस रेषेवर थबकू शकत नाही आणि भिंतीवर हात टेकून थांबण्याच्या प्रयत्नात मनगटे मोडतात. सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास ते मैदान प्रौढांसाठी खुले असावे, त्यांपैकी काही वेळ केवळ स्त्रियांसाठी राखलेला असावा, आणि राखणदाराचा खर्च नगरपालिकेने अथवा जिल्हा परिषदेने उचलावा. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला योग्य मानधन देऊन आठवड्यातून दोन दिवस नवशिक्या प्रौढांचा वर्ग घ्यायला सांगावे. ज्या शासनाला शंभर मीटरच्या धावेवरून आपले शिपाई निवडायचे आहेत, त्याने ती धाव शिकण्याची सोय करणे हे उपकार नव्हेत. तो परीक्षेपूर्वी अभ्यासक्रम शिकवण्याचा साधा न्याय आहे. शाळांच्या क्रीडादिनी पालकांची लिंबू-चमचा शर्यत होते, तिच्या जोडीला वयोगट पाडून पन्नास मीटरची एक खरी शर्यत ठेवावी, मात्र तिची सूचना तीन महिने आधी द्यावी. आयत्या वेळी धावलेल्या पालकांमुळे हाडवैद्याचाच फायदा होतो.

हे सर्व झाले तरी त्यातून ऑलिंपिकपटू निघतील असे आश्वासन कोणी देऊ नये. निघाला एखादा साबळे तर आनंदच आहे. पण मैदानाचे समर्थन त्याच्या भरवशावर केले, की तो न निघाल्याच्या वर्षी मैदानाचा निधी कापला जातो. ग्रंथालयाचे मोजमाप आपण त्यातून किती लेखक निघाले यावर करीत नाही. किती जणांनी पुस्तक हाती घेतले यावर करतो. मैदानाचेही तसेच व्हावे. तेथे एखादा कारकून सहा महिन्यांच्या चिकाटीनंतर शंभर मीटर अठरा सेकंदांऐवजी सोळात धावला, तर त्या दोन सेकंदांची नोंद कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात होणार नाही. परंतु आपल्या देहाला अजून काही शिकता येते, हे त्याला त्या दोन सेकंदांत कळलेले असते. आणि त्याच पट्टीवर, शेजारच्या ओळीत, गावातली एखादी मुलगी न लंगडता, न फसवली जाता, आपल्या पंधरा गुणांची तयारी करू शकते. समाजाने एक सरळ पट्टी राखण्याला एवढे कारण पुरेसे आहे.